चिनी पाहुण्याच्या वहीतला महाराष्ट्र

इतिहासाच्या तासाला एक उतारा आपण बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेला आहे. चीन देशातून एक भिक्षू आला, हिंडत हिंडत महाराष्ट्रात पोहोचला, आणि इथल्या माणसांविषयी त्याने लिहून ठेवले. काय लिहिले? तर ही माणसे उंचीपुरी आणि मानी आहेत. उपकार करणाऱ्याला ती विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्यालाही विसरत नाहीत. अडलेला कुणी आश्रयाला आला तर स्वतःच्या जिवाची पर्वा न करता त्याच्या मदतीला धावतात. सूड घ्यायचाच झाला तर आधी शत्रूला तसे कळवतात, दोघेही चिलखत चढवतात आणि मगच भिडतात. रणातून पळणाऱ्याचा पाठलाग करतील, पण शरण आलेल्याला मारणार नाहीत.

हा मजकूर वाचताना वर्गात काय होते ते शिक्षकांना सांगायला नको. मागच्या बाकांवरची मुलेसुद्धा ताठ बसतात. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, आणि कितीतरी वर्षे हा उतारा मी जरा चढ्या आवाजातच वाचत आलो. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलो, की पान उलटावे तिथे हाच उतारा भेटतो. इतर उत्तरे चुकोत, हे चुकत नाही.

पण त्याच उताऱ्यात, अगदी लागूनच, आणखी काही वाक्ये आहेत. ती कुणाच्याच उत्तरपत्रिकेत नसतात. नसणारच, कारण वर्गात मीच ती गाळत होतो. सुरुवातीला माझ्या हाताशी जे संक्षिप्त पुस्तक होते त्यात ती नव्हती, असे सांगून मला सुटता आले असते. पण पुढे पुरे भाषांतर घरात आल्यावरही मी ती वाचत नसे. ती वाक्ये कोणती, ते यथावकाश येईलच. आधी हा पाहुणा कोण, आणि त्याचे पुस्तक कसे वाचावे, ते पाहू.

त्याचे नाव युआन श्वांग. जुन्या मराठी पुस्तकांत ह्युएनत्संग असे सापडेल, कुठे झुआनझांगही सापडेल. माणूस एकच. चिनी उच्चार आपल्या अक्षरांत बसवताना ज्याने त्याने आपापल्या परीने खटपट केली आहे, एवढेच. लहान वयातच त्याने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. धर्मग्रंथांच्या चिनी भाषांतरांत त्याला जागोजागी मतभेद दिसू लागले, तेव्हा मूळ ग्रंथच पाहावेत म्हणून इ.स. ६२९ च्या सुमारास तो हिंदुस्थानाकडे निघाला. सम्राटाची परवानगी नव्हती. सरहद्द ओलांडायला बंदी होती. चोरून निघाला, असेच म्हणायचे. वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटून सांडली, चार रात्री आणि पाच दिवस घोटभर पाण्याशिवाय काढले, आणि वाट माहीत असलेल्या एका म्हाताऱ्या घोड्याने त्याला पाण्याशी नेऊन सोडले. बामियानच्या डोंगरात कोरलेल्या प्रचंड बुद्धमूर्ती त्याने डोळ्यांनी पाहिल्या, ज्या २००१ साली फोडून टाकण्यात आल्या. काश्मीर, मथुरा, कनौज, प्रयाग, काशी, गया असे करीत तो नालंदेला पोहोचला. तिथे शीलभद्र नावाच्या वृद्ध आचार्यांपाशी शिकला. मग बंगाल, ओरिसा, आंध्र, कांची असा समुद्राकडेचा मोठा वळसा घालून इ.स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. पुढे भडोच, माळवा, वलभी आणि सिंध. शेवटी ६४५ साली तो चीनच्या राजधानीत परतला, तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादलेले होते.

आता एक गंमत पाहा. ती पाण्याची पखाल, तो म्हातारा घोडा, गंगेवर गाठून त्याला देवीला बळी द्यायला निघालेले लुटारू, हे सारे त्याच्या प्रवासवर्णनात सापडत नाही. ते त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात आहे. त्याच्या स्वतःच्या पुस्तकात ‘मी’ जवळजवळ नाहीच. प्रवासवर्णन म्हटले की आपल्याला गाडी चुकली, पाऊस लागला, खानावळीतली भाजी तिखट होती, असे काहीतरी अपेक्षित असते. इथे त्यातले काही नाही. प्रत्येक देशाचा घेर किती ली, राजधानीचा घेर किती ली, जमीन कशी, पीक काय येते, हवा कशी, माणसांचा स्वभाव कसा, राजा कोण, विहार किती, भिक्षू किती, देवळे किती, असे एकामागून एक कलम. ली म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या आसपासचे चिनी माप. इंग्रजांनी जिल्ह्याजिल्ह्याची जी गॅझेटियरे केली ती ज्यांनी चाळली असतील, त्यांना हा साचा ओळखीचा वाटेल.

असे का? कारण हे पुस्तक त्याने आपल्यासाठी लिहिलेच नव्हते. तो परत आल्यावर चीनच्या सम्राटाने त्याचे स्वागत केले, चोरून गेल्याबद्दल रागावला नाही, आणि पश्चिमेकडच्या देशांची सारी हकीकत लिहून द्यायला सांगितले. ६४६ साली बारा भागांचा हा ग्रंथ सम्राटाला सादर झाला. सम्राटाला काय हवे असते? अंतरे, जमिनी, राजे आणि सैन्य. भिक्षूला काय हवे असते? विहार, स्तूप आणि बुद्धाच्या पाऊलखुणा. या दोन गरजांच्या मधून हे पुस्तक चालते. कोणतेही प्रवासवर्णन हाती घेतले की मी विद्यार्थ्यांना हा प्रश्न आधी विचारायला सांगतो, की बाबा, हा कुणाला सांगतो आहे? गावात आलेला पाहुणा परत जाऊन बायकोला एक सांगतो आणि साहेबाला दुसरे. दोन्ही खरे असू शकते.

या ग्रंथात एकंदर १३८ देशांची वर्णने आहेत. त्यांतले ११० त्याने स्वतः पाहिलेले आणि २८ ऐकीव, असे सांगितले जाते. ज्या भिक्षूने हे लेखन संकलित केले, त्याने शेवटी एक खुलासा केला आहे. जिथे प्रवासी स्वतः गेला तिथे आपण एक क्रियापद वापरले आहे आणि जिथे नुसते ऐकून लिहिले तिथे दुसरे. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचा हा काटेकोरपणा पाहिला की वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजच्या माणसालाही हेवा वाटावा. मात्र हा भेद भाषांतरात टिकत नाही. चिनीतून फ्रेंच भाषांतर झुलियाँ याने १८५७-५८ मध्ये केले, इंग्रजी भाषांतर बील याने १८८४ मध्ये केले, आणि मराठीत आपण वाचतो ते बहुधा त्या इंग्रजीवरून आलेले. दूध तीन भांड्यांतून ओतून आपल्या हाती आलेले आहे, हे लक्षात असू द्यावे.

पण या पुस्तकाने उपकार केले आहेत ते विसरून चालणार नाही. कनिंगहॅम साहेब १८६१ साली सरकारी पुरातत्त्व संशोधक झाला, आणि ही भाषांतरे हाती धरून, युआन श्वांगची अंतरे आणि दिशा मोजीत तो उत्तर हिंदुस्थानात हिंडला. बिहारमधल्या बडगाव या खेड्याशेजारची विटांची टेकाडे म्हणजे नालंदा, सहेत-महेत म्हणजे श्रावस्ती, कोसम म्हणजे कौशांबी, ही ओळख त्याने अशी पटवली. ज्या गावकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या त्या टेकाडांवर गुरे चारली, त्यांना आपल्या पायाखाली काय आहे हे एका परदेशी भिक्षूच्या वहीमुळे कळले.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार आवडते. हिंदुस्थानाच्या सामान्य वर्णनात त्याने इथल्या फळझाडांची नावे दिली आहेत, आणि ती चिनी अक्षरांत, पण आपल्याच उच्चारांनी. आंबा, मोह, बोर, कवठ, आवळा, टेंभुर्णी, उंबर, केळ, नारळ, फणस. किती म्हणून सांगू, अशा अर्थाचे काहीतरी म्हणून तो यादी आवरती घेतो. डोळ्यांपुढे आणा, चीनमध्ये बसलेला तो भिक्षू ‘उदुंबर’ हा शब्द आपल्या चित्रलिपीत बसवतो आहे. जमीन शेणाने सारवतात आणि तिच्यावर फुले पसरतात, हे त्याने टिपले आहे. जेवणाआधी अंग धुतात, उष्टे पुन्हा वाढत नाहीत, मातीची भांडी एकदा वापरून टाकून देतात, जेवणानंतर काडीने दात घासतात, हेही. राजाच्या जमिनी कसणारे उत्पन्नाचा सहावा हिस्सा सारा म्हणून देतात, हेही. कांदा-लसूण मात्र फार थोडे लोक खातात, आणि जो खाईल त्याला नगराबाहेर काढतात, असे तो सांगतो. लासलगावच्या बाजारात हे वाचून दाखवायला हरकत नाही.

शिक्षकांविषयीही त्याने लिहिले आहे. मुलांना आधी बाराखडीसारखा पाठ, मग सातव्या वर्षापासून व्याकरण, कला-कौशल्ये, वैद्यक, तर्क आणि अध्यात्म अशी पाच शास्त्रे. गुरू मंद विद्यार्थ्यालाही कंटाळत नाहीत, पुन्हा पुन्हा समजावून देतात, असे तो म्हणतो. आता सगळेच गुरू तसे असतील असे नाही. पण पाहुण्याला चांगला गुरू भेटला होता, आणि माणूस एका गुरूवरून सगळ्यांना ओळखतो.

नालंदेचे सांगतो, म्हणजे आकडे कसे वाचावेत तेही लक्षात येईल. तिथे दहा हजार भिक्षू राहत, असे त्याच्या चरित्रात आहे. पुढे तीसेक वर्षांनी इत्सिंग नावाचा दुसरा चिनी भिक्षू तिथे बरीच वर्षे राहिला. तो आकडा देतो तीन हजारांच्या वर. उत्खननात अकरा विहार निघाले, आणि त्यांतल्या खोल्या पाहिल्या तर इत्सिंगच जवळचा वाटतो. शिष्याने गुरूच्या विद्यापीठाचा मोठेपणा थोडा वाढवून सांगितला असेल, त्यात काही पाप नाही. पण त्याच चरित्रात दुसरा एक आकडा आहे, तिकडे लक्ष जात नाही. नालंदेच्या खर्चासाठी राजाने शंभर गावांचे उत्पन्न लावून दिले होते, आणि त्या गावांतली दोनशे घरे रोज तांदूळ, लोणी आणि दूध पोहोचवीत असत. नालंदेचे नाव निघाले की आपण आचार्यांची नावे घेतो. ते दूध पहाटे कुणी काढले, हे विचारणारा प्रश्न मी कुठल्याही प्रश्नपत्रिकेत पाहिला नाही, आणि मीही कधी काढला नव्हता.

आता महाराष्ट्राकडे येऊ. ‘मो-हो-ला-छा’ असे काहीसे नाव त्याने दिले आहे. देशाचा घेर सहा हजार लींच्या वर. राजधानी पश्चिमेला एका मोठ्या नदीवर, घेर तीस ली. ही राजधानी नेमकी कोणती यावर विद्वानांचा वाद आहे. कुणी नाशिक म्हणतो, कुणी पैठण, कुणी बदामी, आणि नदीचे वर्णन प्रत्येकाला थोडे थोडे अडवते. जमीन कसदार, शेती भरघोस, हवा उष्ण, माणसे साधी आणि सरळ. राजाचे नाव ‘पु-लो-की-शे’, म्हणजे चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी. तो दूरदृष्टीचा आणि दयाळू असून त्याची माणसे त्याच्याशी एकनिष्ठ आहेत, आणि सम्राट हर्षवर्धनाने सगळीकडे विजय मिळवले, स्वतः सैन्य घेऊन इकडे चालून आला, तरी हा देश काही त्याला जिंकता आला नाही.

हे शेवटचे विधान मोलाचे आहे. युआन श्वांग पुढे हर्षाचा पाहुणा झाला. कनौजला हर्षाने त्याच्यासाठी मोठी धर्मसभा भरवली, त्याचा फार मान केला. अशा यजमानाचे अपयश पाहुणा लिहून ठेवतो, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला हरकत नसते. शिवाय दुसरा साक्षीदारही आहे. कर्नाटकात ऐहोळे येथे एका जैन मंदिरावर रवि-कीर्ती नावाच्या कवीने इ.स. ६३४ मध्ये शिलालेख कोरवला. त्यात पुलकेशीने हर्षाचा पराभव केल्याचे सांगितले आहे, आणि नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रांचा तो स्वामी झाला असेही म्हटले आहे. रवि-कीर्ती दरबारचा कवी, तो स्तुती करणारच. पण चिनी भिक्षूने हा लेख वाचला होता असे मानायला काही आधार नाही. एकमेकांना न ओळखणारे दोन साक्षीदार तेच सांगतात, तेव्हा न्यायाधीशही मान डोलावतो.

ओघात एक सांगून टाकतो. पुलकेशीची राजधानी बदामी. कन्नड शिक्षकही आपल्या वर्गात हाच उतारा तितक्याच अभिमानाने वाचत असतील, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. आज आपण बोलतो ती मराठी तेव्हा या रूपात नव्हती, आणि आजच्या राज्यांच्या सीमाही नव्हत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे, हा अजिंक्य राजा युआन श्वांग येऊन गेल्यावर वर्षभरातच, ६४२ च्या सुमारास, पल्लवांचा राजा नरसिंहवर्मा याच्या स्वारीत पडला, आणि बदामी शत्रूच्या हाती गेली. ६४६ साली चीनचा सम्राट या देशाची बलाढ्य सेना वाचीत होता, तेव्हा ती सेना आणि तो राजा दोन्ही उरले नव्हते. पाहुण्याच्या वहीतला ‘आज’ हा तो गाव सोडून गेला त्या दिवसापाशी थांबलेला असतो.

आता ती गाळलेली वाक्ये.

पहिले असे, की एखादा सेनापती लढाई हरला तर त्याला शिक्षा करीत नाहीत. त्याला बायकांचे कपडे पाठवतात, आणि तो लाजेने स्वतःचा जीव देतो. हे वाक्य कधीकधी वर्गात वाचले जाते, आणि मुले हसतात. मुली हसत नाहीत, हे माझ्या उशिरा ध्यानात आले.

दुसरे असे, की राजाने काहीशे निवडक वीर पदरी ठेवले आहेत. लढाईच्या आधी ते दारू पिऊन धुंद होतात, आणि मग त्यांतला एकेक हजारोंना भारी पडतो. असेच काहीशे मस्त हत्ती आहेत. त्यांनाही दारू पाजून शत्रूवर सोडतात. या वीरांच्या आणि हत्तींच्या जोरावर राजा शेजारच्या राज्यांना तुच्छ लेखतो. आणि या वीरांपैकी कुणी वाटेत भेटलेल्या माणसाला ठार मारले, तर राज्याचा कायदा त्याला शिक्षा करीत नाही. ते बाहेर फिरायला निघाले की त्यांच्यापुढे ढोल वाजवीत नेतात.

बस, एवढेच. त्यावर युआन श्वांगने एक शब्दही टीका केलेली नाही. सम्राटासाठी तो सैन्याची माहिती लिहीत होता. पण वाक्य जसेच्या तसे आहे. शरण आलेल्या शत्रूला न मारणारे आणि वाटेवरच्या बिनहत्यारी माणसाला मारून मोकळे सुटणारे वीर एकाच परिच्छेदात, चार ओळींच्या अंतराने उभे आहेत. पहिल्या ओळी खऱ्या मानायच्या आणि नंतरच्या खोट्या, असे करायला इतिहासाच्या अभ्यासकाला जागा नाही. साक्षीदार एकच, लेखणी एकच. त्याने सांगितलेले पारखून घ्यायला हरकत नाही. पण पारखायचे तर सगळेच पारखावे लागेल, आपली स्तुतीसुद्धा.

पारखून घ्यायचे म्हणजे काय, ते पुढच्याच मजकुरावरून दाखवतो. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर डोंगरांच्या रांगेत, अंधाऱ्या दरीत एक विहार आहे, उंच दालने, कड्यात कोरलेले मजले, असे त्याने लिहिले आहे. हे अजिंठ्याचेच वर्णन, याबद्दल आता फारसा वाद नाही. भिंतींवर बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा आहेत, तेही जुळते. दाराबाहेर दोन बाजूंना दोन दगडी हत्ती आहेत, असे तो म्हणतो, आणि सोळाव्या लेण्याच्या वाटेवर हत्ती आजही उभे आहेत. अचल नावाच्या अर्हताने हा विहार बांधला असे तो सांगतो, आणि सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात अचल या स्थविराचे नाव खरोखरच आहे. पण आत सत्तर फूट उंच दगडी बुद्धमूर्ती आहे आणि तिच्यावर सात छत्रे कशाच्याही आधाराशिवाय अधांतरी आहेत, असेही तो लिहितो. तेवढी मूर्ती अजिंठ्यात कुठेच नाही. म्हणजे तो दरीत उतरला नसावा आणि कुणाकडून ऐकून त्याने लिहिले असावे, असे मला वाटते. हत्ती मधूनमधून ओरडतात आणि जमीन हादरते, हे तर ‘इथले लोक सांगतात’ असे म्हणूनच त्याने दिले आहे.

त्या अचलाची गोष्टही त्याने ऐकून लिहिली आहे. अचलाची आई वारली. तिचा पुन्हा जन्म कुठे झाला हे त्याने ध्यानाने पाहिले, आणि तिला शोधत तो या देशातल्या एका खेड्यात आला. एका दारी भिक्षा मागितली, तर एक मुलगी वाढायला पुढे आली आणि तिच्या छातीतून दूध वाहू लागले. घरच्यांना अपशकुन वाटला. अचलाने त्यांना पूर्वजन्मीचे नाते सांगितले, आणि आईच्या ऋणातून उतराई व्हावे म्हणून हा विहार बांधला. इतिहास म्हणून ही गोष्ट उपयोगाची नाही. पण सातव्या शतकात अजिंठ्याच्या आसपासची खेडी त्या लेण्यांविषयी काय बोलत होती, हे तिच्यामुळे कळते. पुढे ती लेणी झाडीत हरवली, ती १८१९ साली इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेला पडेपर्यंत तिकडे कुणाचे फारसे लक्ष नव्हते. इतकी वर्षे ही गोष्ट चिनी कागदावर सांभाळून राहिली होती.

आता पुस्तकाच्या दुसऱ्या भागाकडे परत जाऊ, जिथे फळांची नावे आहेत आणि सारवलेली जमीन आहे. तिथेच, घरांच्या आणि रस्त्यांच्या वर्णनात, तो लिहितो की खाटीक, कोळी, नट, मांग-जल्लादासारखे गुन्हेगारांना मारणारे, आणि घाण उपसणारे, यांची वस्ती नगराबाहेर असते. त्यांची घरे ओळखता यावीत अशी खूण असते. ते गावात येताना-जाताना रस्त्याच्या डाव्या कडेने चालतात. हे वर्णन साऱ्या हिंदुस्थानाचे म्हणून दिले आहे, महाराष्ट्राचे वेगळे नाही. पण गावकूस हा शब्द ज्याला ठाऊक आहे त्याला ते परके वाटणार नाही. त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी, ३९९ साली निघालेला फाहियान नावाचा भिक्षूही हेच सांगतो, आणि आणखी एक तपशील देतो. चांडाळ नगरात किंवा बाजारात शिरताना लाकडावर लाकूड आपटतो, म्हणजे लोकांना कळते आणि ते त्याच्यापासून दूर होतात.

काही वर्षांपूर्वी मी वर्गात तो नेहमीचा उतारा वाचत होतो. त्या दिवशी कसे कोण जाणे, न थांबता पुढे वाचत गेलो आणि ढोलाचे वाक्य तोंडून बाहेर पडले. एक विद्यार्थी उभा राहिला. गावाकडून एसटीने येणारा, फारसा न बोलणारा मुलगा.

‘‘सर, ढोल कशासाठी?’’

मी म्हणालो, ‘‘मानासाठी असेल. वीर येताहेत हे कळावं म्हणून.’’

‘‘कळावं म्हणजे लोकांनी बाजूला व्हावं म्हणून ना?’’

‘‘हो, तसंही असेल.’’

तो थोडा थांबला. मग म्हणाला, ‘‘माझे पणजोबा गावात शिरताना आवाज द्यायचे. आजोबा सांगतात. ते बाजूला व्हावं म्हणूनच. पण ते वेगळं.’’ आणि बसला.

वर्गात कुणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही. फाहियानचे लाकूड मला ठाऊक होते, युआन श्वांगची डावी कड ठाऊक होती, दोन्ही पुस्तके माझ्याच कपाटात होती. पण वाटेवरचे ते दोन आवाज एकमेकांशेजारी ठेवून मी कधी ऐकले नव्हते. एका आवाजाला लोक बाजूला होत ते जिवाच्या भीतीने, दुसऱ्याला बाजूला होत ते विटाळाच्या भीतीने. पहिल्या आवाजामागून चालणाऱ्याला कायदा शिवत नव्हता, आणि दुसरा आवाज करणाऱ्याला माणूस शिवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही पुस्तके वर्गात नेली आणि त्या मुलाच्या हाती दिली. त्याने आधी फळांची यादी वाचली. ‘‘टेंभुर्णी आहे की यात!’’ म्हणून तो हसला, आणि मग डाव्या कडेचे पान त्याने स्वतःच शोधून काढले.

तेव्हापासून हा उतारा मी स्वतः वाचत नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घेतो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मध्ये काही न गाळता. बायकांच्या कपड्यांच्या वाक्याशी आता हशा पिकत नाही, कारण बहुधा एखादी मुलगीच ते वाचत असते. ढोलाच्या वाक्याशी वर्ग थांबतो आणि प्रश्न सुरू होतात. मारला गेलेला माणूस कोण असेल? त्याच्या घरच्यांनी दाद कुणाकडे मागितली असेल? दयाळू म्हणून नावाजलेल्या राजाला हे ठाऊक असेल का? पुस्तकात यांची उत्तरे नाहीत, आणि मुलांची त्यावरची भांडणे ऐकण्यासारखी असतात. या भानगडीत उताऱ्याचे शेवटचे वाक्य बहुतेक वेळा राहून जाते. इथल्या लोकांना शिकण्याची आवड आहे, असे त्या पाहुण्याने लिहिले आहे. तिथे पोहोचेपर्यंत तासाची घंटा झालेली असते.